खळ्याशेजारचं घर

१५ एप्रिल २०२४, भंडारा

काल जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. रत्नमाला गॅलरीचा कठडा धरून शेवटपर्यंत उभी होती. आत आल्यावर म्हणाली, "यावर्षी लेझीम जोरात होती. पोरी जास्त होत्या ना?" मी तर सगळी पोरंच बघितली होती. पण जयंतीच्या दिवशी बायकोशी वाद कोण घालतो!

लिहायची सवय प्लांटची. वरठीला चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, शेवटची बारा फोरमन म्हणून. शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचं. काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, काय उद्यावर टाकलं. निवृत्तीला दीड वर्ष झालं आणि घरात बिघडण्यासारखा एक मिक्सर तेवढा उरला आहे.

नव्या वहीला कारण आहे. रत्नमालाचा डावा डोळा काचबिंदूने तीन वर्षांपूर्वीच गेला, उजवा थेंबांवर आहे. गेल्या महिन्यात नागपूरला तपासणीला गेलो, तेव्हा मी औषधांच्या रांगेत होतो आणि ती एकटीच आत जाऊन आली. म्हणाली, "डॉक्टर म्हणते, आहे तसं आहे." म्हणजे अजून दोन-तीन वर्षं हातात आहेत असं मी धरतो. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी एकतीस वर्षं शेजाऱ्याच्या न्हाणीच्या भिंतीवर उघडत होती. ती शाळेत शिकवून यायची, त्या भिंतीकडे बघत पोळ्या लाटायची. एकदाच म्हणाली होती की खिडकीतून पाणी दिसायला पाहिजे.

आंबागडला बाबांची अडीच एकर आहे. टोकाला बोडी, लहानसा तलावच म्हणा. तिच्या काठावर सुट्टीचं घर बांधायचं. चार दिवस जाऊन राहायचं, लेक तृप्ती पुण्याहून आली की तिलाही न्यायचं. आणि हे सगळं रत्नमालाची नजर आहे तोवर. ठरलं.

२८ एप्रिल

आंबागडला जाऊन आलो. शेत चिंधू बटईने, निम्म्या वाट्यावर करतो. माझ्यासोबत चौथीपर्यंत एका तरटावर बसलेला माणूस. त्याची बायको तुळसा बोलते कमी, पण तिचं लक्ष चहूकडे असतं. बोडी आटली आहे, तळाला भेगा. मी काठावरची सखल जागा पसंत केली. समोर पाणी, पाण्यामागे किल्ल्याचा डोंगर. यापेक्षा माणसाला काय पाहिजे!

चिंधूला विचारलं, "जागा कशी वाटते?"

तो डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "तुमाले पसंत आहे तं चांगलीच आहे, भाऊ."

गावचा जाणता माणूसच चांगली म्हणतो, म्हणजे प्रश्न मिटला. रत्नमाला तुळसाच्या खांद्यावर हात ठेवून शेतभर फिरली. दोघींचं इतकं गूळपीठ कधी जमलं कोण जाणे. परतताना गाडीत म्हणाली, "वारा खळ्यावर चांगला लागते." मी म्हटलं, आपण वाऱ्यासाठी नाही, पाण्यासाठी घर बांधतोय.

२३ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदना घेतली आणि चुन्याच्या फक्कीने घराची आखणी केली. यादोराव मिस्त्री तुमसरचा, हात चांगला आहे.

माझा नकाशा तयार आहे. नियम एकच: ज्या वस्तूकडे कुणाला बघावं लागत नाही ती चांगली. छपराला मातीचे कवेलू नको, कारण आंबागडची माकडं दर वर्षी ते फोडतात आणि चिंधू दर वर्षी फेरतो. जाड पत्रा, छपराच्या कडा चार फूट बाहेर, म्हणजे भिंतीला पाणी लागणार नाही. पन्हळ नको, पानं अडकतात. पाणी सरळ खाली पडावं, तिथे घराभोवती गिट्टीचा पट्टा. बाहेर लाकूड अजिबात नको, उधई म्हणजे वाळवी लागते. महिनाभर कुलूप घातलं तरी घराने हू की चू करता कामा नये.

रत्नमाला आली आणि सरळ फक्कीच्या रेषेवरून चालत गेली. अर्धी बैठक पुसून टाकली! मी ओरडलो. ती थांबली आणि म्हणाली, "पुसली का? मग असं करा, रेषेवर विटा मांडा. त्याशिवाय घर समजत नाही." यादोरावने लगेच विटा मांडल्या. ती चपला काढून विटांच्या कडेकडेने दोनदा सगळं घर फिरली, तोंडाने पावलं मोजत. मला कौतुकच वाटलं. इतकी वर्षं फोरमनसोबत काढली की माप घ्यायची सवय लागतेच.

तिच्या अटी: उंबरा कुठेही नको. सगळी दारं एकाच बाजूला उघडली पाहिजेत. मी मान्य केलं. उंबरा नसला तर झाडायलाही सोपं.

९ जून, भंडारा

पाया खोदून झाला. आता धानाची रोवणी आटोपेपर्यंत मजूर मिळणार नाहीत, म्हणून काम थांबलं.

रत्नमालाला भिंतीचा रंग विचारला तर म्हणते, "तुम्हीच ठरवा." जिने साडीच्या काठाला जुळणारा धागा शोधायला मला तुमसरची चार दुकानं फिरवलं होतं, ती! वय झालं की माणूस मवाळ होतो म्हणतात, ते खरं असावं.

हल्ली पेपरही मीच वाचून दाखवतो. म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकलं की बातमी बरी वाटते." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाची ही पहिली तारीफ. आज अग्रलेखही वाचला.

२२ जुलै, आंबागड

वाईट दिवस.

चिंधूचा फोन आला म्हणून धावत आलो. चार दिवसांच्या झडीने बोडी भरली आणि उतू गेली. उतलेलं पाणी ज्या वाटेने जातं, ती वाट माझ्या बैठकीतून, स्वयंपाकघरातून आणि न्हाणीतून जाते. पायाचे चर दिसत नाहीत, नुसता गढूळ प्रवाह. त्यात मासोळ्या चढत होत्या आणि गावातले दोघे माझ्या बेडरूममध्ये जाळं लावून बसले होते.

जुना सांडवा पलीकडच्या अंगाला होता, हे मला पाठ. तो फुटल्यावर चिंधूच्या बापाने इकडून काढला. मी तेव्हा प्लांटमध्ये.

चिंधूला म्हटलं, "अरे, मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं का भाऊ, पानी येते का म्हणून? तुमी इचारलं, जागा कशी वाटते. आता मानूस घर बांधाले निंगाला, त्याच्या तोंडावर नाई कसं म्हनाचं?"

"चांगली आहे म्हणालास तू!"

"तुमाले पसंत आहे तं, म्हनलो."

हसावं की रडावं कळेना. प्लांटमध्ये असल्या उत्तरावर मी मेमो दिला असता. पण तो बिचारा गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्या वाहून चाललेल्या विटा गोळा करत होता. तुळसा म्हणाली, "मी वयनीले सांगतलं होतं. वयनी म्हने, राहू दे, पानीच सांगन त्याइले."

म्हणजे रत्नमालाला माहीत होतं! आणि तिने मला खोदू दिलं.

मी बांधावर बसून राहिलो. थोड्या वेळाने चिंधू शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आपलं खळं उंचावर आहे. तिथं कधी पानी चढलं नाई. खळ्याच्या बाजूले बांधा. खळं तेवढं मोकळं ठेवा, मले धान चुराले पाहिजे." त्याच्या बापापासून त्या खळ्यावर धान येतं. त्याने ती जागा अशी बोलता बोलता दिली, तंबाखूची पुडी पुढे करावी तशी.

२४ जुलै

खळ्यावर उभा राहून बघितलं. तिथून बोडी पळसांमागे जाते. खिडकीतून पाण्याची एक चिंधीच दिसेल, तीही मान वाकडी केली तर. भंडाऱ्याला परतून रत्नमालाला हे सांगितलं. ज्यासाठी एवढं केलं तेच हुकलं.

आणि ती हसली. खरंच खूश झाली! "बरं झालं," म्हणे, "खळ्यावर वारा आहे, तुळसाची जाग आहे. पाण्याचा आवाज तिथवर येते." मी चिडून बाहेर गेलो आणि दोन तास घरी आलो नाही. बायकांचं मन समजत नाही, हे मी पूर्वीही लिहिलं असेल.

१८ ऑगस्ट

नवा नकाशा. या वेळी ती जवळ बसून सांगत होती, मी काढत होतो. काम वेगात झालं हे कबूल केलं पाहिजे.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लांब पडवी. पडवीतून पायरी नाही, उतारावरून सरळ खळ्यात. म्हणजे खळं हेच अंगण. दर वर्षी धान यायच्या आधी तुळसा खळं शेणाने सारवते, तिथे कुणी चप्पल घालून जात नाही. रत्नमाला म्हणाली, "मग घरातही अनवाणीच फिरू." प्रत्येक ठिकाणची फरशी वेगळी पाहिजे म्हणते: पडवीत खडबडीत दगड, खोल्यांत गुळगुळीत शहाबादी, स्वयंपाकघरात विटा. मी म्हटलं, घर आहे की फरशीवाल्याचं दुकान? पण ते केलं.

पत्र्याखाली आवाज अडवायला थर टाकणार होतो. ती म्हणाली, "फक्त झोपायच्या खोलीत टाका. पडवीत पाऊस वाजू द्या." गिट्टीचा पट्टा मात्र तिला माझ्यापेक्षा जास्त आवडला. "कोण आलं ते समजेल," म्हणे.

खिडकीच्या बाबतीत मी माघार घेतली नाही. पाण्याची ती चिंधी दिसेल अशीच खिडकी बसवणार, मग भिंत तिरपी घ्यावी लागली तरी चालेल.

६ ऑक्टोबर

भिंती उभ्या झाल्या, गिलावा सुरू आहे. यादोरावशी आज खटका उडाला. भिंतींचे सगळे बाहेरचे कोपरे तो गोल करतोय. सिमेंटही जास्त, वेळही जास्त. विचारलं तर खाली बघून म्हणतो, "टोकाचा कोपरा लवकर फुटते सायेब. गोल केला तं मेंटेनन्स नाई." माझंच शस्त्र माझ्यावर! करू दिलं.

शिवाय भिंतीला कमरेच्या उंचीवर एक वीतभर पट्टा तो न घोटता खरखरीत ठेवतोय. तो म्हणे वहिनींनी सांगितला. डिझाइन आहे. बरं.

चिंधूने त्याच्या बांबूच्या बेटातून बांबू तोडून घरापासून बोडीच्या पाळीपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंनी कठडा बांधला. न सांगता. म्हणाला, "ढोरं शिरतात." ढोरं शिरायची वाट दुसऱ्याच बाजूला आहे, पण माणूस प्रेमाने करतो तेव्हा खोडी काढू नये.

१७ नोव्हेंबर

पत्रा चढला. एक थेंब गळत नाही, टाकीभर पाणी ओतून बघितलं.

रत्नमाला झाडं लावत सुटली आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, न्हाणीच्या कोपऱ्यावर पारिजातक, पडवीच्या टोकाला गवती चहा. मी म्हटलं, जरा रंगीत फुलंही लाव, जास्वंद, बोगनवेल. ती म्हणाली, "तुम्हाला आवडत असतील तर लावा ना." मी लावली.

१५ डिसेंबर

खळ्यावर धान आलं. सकाळपासून थ्रेशर चालू आहे, कोंडा उडून सगळं पिवळं झालंय. ताजी शहाबादी खराब होऊ नये म्हणून यादोरावने खिडकीवर बाहेरून पिवळी ताडपत्री ठोकली.

दुपारी थ्रेशर थांबला. मी गिट्टीवरून आत आलो. रत्नमाला खिडकीसमोर खुर्चीत बसली होती, तोंड खिडकीकडे. बोडीकडून बदकांचा कलकलाट येत होता. माझी चाहूल लागली तशी ती म्हणाली, "या, बसा इथं. पाहा, किती बदकं उतरून राहिली आज. पाणी कसं चमकून राहिलं उन्हात."

तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ताडपत्री होती. उन्हाने उजळलेली, चार खिळ्यांनी घट्ट ठोकलेली.

मी दारातच थांबलो. मग शेजारची खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "हो. आज बरीच आहेत." आम्ही दोघं बराच वेळ त्या ताडपत्रीकडे बघत बसलो. ती अधूनमधून सांगत होती, काळी आहेत, एक पांढरं आहे, ते बघा उडालं. मला आनंद व्हावा म्हणून सांगत होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी खोटं एकदाच बोललो. ती एप्रिलपासून किती वेळा बोलली असेल!

१६ डिसेंबर

रात्री झोप नाही. सकाळी चहा देताना तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघण्याचा मोह झाला. तो नीचपणा केला नाही. सरळ विचारलं, "कधीपासून?"

तिने कप खाली ठेवला. आधी बोटांनी टेबलाची कड शोधली, मग ठेवला. हेही मी कितीदा बघितलं असेल आणि बघितलं नसेल.

"होळीच्या आधीपासून. उजेड-अंधार समजते. बाकी धुकं."

"म्हणजे त्या दिवशी डॉक्टर..."

"हो. तुम्ही रांगेत होते ना."

"मग मला घर काहून बांधू दिलं? मी मूर्खासारखा खिडकी, खिडकी करत बसलो!"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पलंगावर बसून राहायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मले तेव्हा दिसत होतं ते. माझा डोळा काही तुमच्या पान्याने दुरुस्त होणार नव्हता. मी म्हटलं, याइले काहीतरी बांधू द्यावं." मग म्हणाली, "पण फक्त तुमच्यासाठी नाही. मलेही घर पाहिजे होतं. भंडाऱ्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही मले हाताले धरून संडासापर्यंत न्याल, मले माहीत आहे. तुम्ही प्रेमानेच न्याल. पण मले कोणाच्या हाताले धरून फिरायचं नाही. म्हणून मले पाहिजे तसं बांधून घेतलं मी."

मी रडलो. लॉगबुकात अशी नोंद आजवर केली नव्हती, पण झालं ते झालं.

तिने एकच अट घातली. तृप्तीला ती स्वतः सांगेल. "आधी तिले घर पाहू द्या."

१७ डिसेंबर

आज घर पहिल्यांदा बघितलं. नकाशा माझ्या हातचा, पण मला तो वाचताच आला नव्हता. कोपरे गोल का, पट्टा खरखरीत का, फरश्या वेगळ्या का, दाराशी कढीपत्ता का. खळ्यावर गेलो. चिंधू पोती शिवत होता.

"तुला माहीत होतं?"

"आमा सर्वाइले मालूम होतं भाऊ. तुळसानं पयल्याच दिवशी ओरखलं. वयनी म्हने, भाऊले सांगू नोका, त्याइचं कामात लक्ष लागनार नाई."

यादोरावला फोन केला. तो घाबरला, कामात चूक निघाली असं त्याला वाटलं. मी नुसतं "कोपरे चांगले झाले" एवढंच म्हणू शकलो. तो म्हणाला, "वहिनीइनं हात फिरवून पास केले सायेब, एकेक."

इतक्या लोकांनी मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली आणि त्याच गोष्टीवर सगळं घर उभं केलं. कुणी त्याचं श्रेय मागितलं नाही. मी आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकून बिघाड ओळखत आलो, आणि माझ्या घरात माणसं केवढं काम करत होती ते मला ऐकू आलं नाही. मी या सगळ्यांचा ऋणी आहे. हे एकेकाला तोंडावर सांगणार होतो, पण चिंधूला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "पोतं धरा जरा." मी धरलं.

२५ जानेवारी २०२५, आंबागड

तृप्ती आली. तुमसर रोड स्टेशनवरून टॅक्सीने, अकराच्या सुमाराला. तिला अजून काही माहीत नाही. गाडी खळ्याच्या पलीकडे थांबली.

रत्नमाला पडवीत उभी होती. मी सवयीने हात पुढे केला. तिला तो दिसला नसणार, पण ती म्हणाली, "नाही हं." आणि एकटीच उतारावरून खाली गेली.

मी खांबाशी उभा राहिलो आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. खळ्याच्या कडेला तुळसाचा झाडू थांबला. चिंधू धानाच्या तणसाचा भारा डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. तृप्तीने टॅक्सीतून मोठी बॅग काढली आणि अगदी वाटेच्या मधोमध ठेवून ती वळून ड्रायव्हरशी बोलत होती. रत्नमाला थेट त्या बॅगेकडेच चालली होती. चार पावलं राहिली, तीन राहिली. ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. तुळसाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी तोंड मिटलं. चौतीस वर्षांत इतकं अवघड काम केलं नाही.

तिचा पाय बॅगेला लागला. ती थांबली, वाकली, बॅगेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढी मोठी बॅग! महिनाभर राहतेस का काय?"

तृप्ती वळली आणि तिच्या गळ्यातच पडली. "आई! किती सुंदर दिसतंय गं घर!"

"हो ना?" रत्नमालाने तिचा हात धरला आणि मागे न वळता पडवीकडे पाऊल टाकलं. "ये, तुले दाखवते."

मी बॅग उचलली आणि त्या दोघींच्या मागोमाग घर बघायला गेलो.